आयुष्याचा दर

दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे जे औक्षण होते ते बहुतांशी पुरुषांचे. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, भाऊबीजेला बहीण भावाला. भाऊबीजेचे दुसरे नावच यमद्वितीया. त्या दिवशी यम आपल्या बहिणीच्या, यमुनेच्या घरी जेवायला गेला, अशी कथा आहे. तबकातल्या निरांजनामागे इच्छा एकच असते, की याला उदंड आयुष्य मिळो. ओवाळणारीच्या आयुष्याचे काय, हे सहसा कोणी विचारत नाही आणि तीही विचारत नाही.

पण जिच्यात दोघांचेही आयुष्य मांडलेले असते अशी एक वही आहे. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर ती कधी येत नाही. विमा कंपन्यांच्या कचेरीत ती असते आणि तिला मृत्यूचे कोष्टक म्हणतात. या वहीत ओवाळणारीच ओवाळून घेणाऱ्यापेक्षा जास्त जगते. २०१६ ते २०२० या काळातील सरकारी नमुना नोंदणीप्रमाणे भारतात जन्मणाऱ्या मुलाचे सरासरी आयुर्मान ६८.६ वर्षे आणि मुलीचे ७१.४ वर्षे आहे. म्हणजे सुमारे पावणेतीन वर्षांचे अंतर. या अंतराचे पैसे करावेत काय, आणि केले तर ते कोणाच्या खात्यावर मांडावेत, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबनिसाचा आहे. मला मात्र तो नीतीचा वाटतो, आणि म्हणूनच त्यावर लिहिण्याचे धाडस करते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पोट भरते ते मुलांना शिकवून, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. त्रैराशिक, व्याज आणि सरासरी एवढ्या शिदोरीवर जेवढे समजते, तेवढेच सांगणार आहे.

आयुर्विमा आणि पेन्शन ही भावंडे खरी, पण त्यांची तोंडे दोन दिशांना आहेत. आयुर्विम्यात कंपनीला भीती असते ती माणूस लवकर जाण्याची. चार हप्ते भरून तो गेला, की पूर्ण रक्कम वारसांना द्यावी लागते. पेन्शनमध्ये किंवा विकत घेतलेल्या वर्षासनात भीती उलटी असते. माणूस जगतच राहिला तर दर महिन्याला पैसे मोजत राहावे लागतात. म्हणून जो लवकर जाणार असे कोष्टक सांगते, त्याला विमा महाग आणि वर्षासन स्वस्त. जो पुष्कळ जगणार, त्याला विमा स्वस्त आणि वर्षासन महाग. कोष्टकात स्त्री आणि पुरुष असे दोन रकाने पाडले, की या नियमाप्रमाणे स्त्रीला एकीकडे सवलत मिळते आणि दुसरीकडे भुर्दंड पडतो. आज आपल्याकडे नुसत्या जोखमीचा, म्हणजे ज्याला टर्म पॉलिसी म्हणतात तो विमा स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी हप्त्यात मिळतो. आयुर्विमा महामंडळानेही अशा पॉलिसींत स्त्रियांसाठी वेगळे दर ठेवले. एजंट ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतो. पेन्शनच्या बाजूला काय होऊ शकते, हे सांगण्याचे त्याला कारण नसते.

हे रकाने मुळात कसे पडतात, ते आपल्याच इतिहासात पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत विलायती विमा कंपन्यांचा व्यवहार चाले. त्यांच्या लेखी हिंदी माणसाचे आयुष्य कमी प्रतीचे होते. पुष्कळदा त्याचा विमा घेतच नसत, आणि घेतलाच तर जबर जादा हप्ता लावून. १८७० साली स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने हिंदी लोकांना नेहमीच्या दराने विमा देण्यास सुरुवात केली, आणि पुढे आपल्या लोकांनी काढलेल्या कंपन्यांची परंपराच सुरू झाली. १९१३ साली साताऱ्यासारख्या गावी अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली, ती याच परंपरेतली. आता नीट विचार करा. विलायती कंपन्यांचे कोष्टक खोटे होते काय? पटकी, प्लेग आणि दुष्काळ यांनी गांजलेल्या या देशात माणसे इंग्रजांपेक्षा लवकर मरत, हे खरेच होते. तरीही ‘हिंदी’ हा रकाना आपल्याला अपमानाचा वाटला, आणि तो पुसून टाकणाऱ्यांचा आपण अभिमान बाळगतो. आकडा खरा असूनही त्यावरून लावलेला दर अन्यायाचा असू शकतो, हे आपण दीडशे वर्षांपूर्वीच मान्य केले आहे.

मग स्त्रीचा रकाना. त्या काळच्या विमा व्यवहारात स्त्री दिसते ती विधवा म्हणून, म्हणजे पैसे घेणारी म्हणून. १८७४ च्या एका कायद्याने नवऱ्याने बायकामुलांच्या हितासाठी काढलेल्या पॉलिसीला सावकाराच्या तगाद्यापासून संरक्षण दिले, आणि १९२३ पासून ते देशभरच्या हिंदू कुटुंबांनाही लागू झाले. ही मोठीच सोय होती. पण स्त्रीच्या स्वतःच्या आयुष्याचा विमा काढायचा म्हटला, की कंपन्या कचरत, जादा आकार लावीत, अटी घालीत. कारण उघड होते: बाळंतपण. १९५६ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १ सप्टेंबरला महामंडळ स्थापन झाले. त्यानंतरही स्त्रियांचे वर्ग पाडण्याची पद्धत राहिली. स्वतः कमावणारी एका वर्गात, मालमत्तेचे उत्पन्न असणारी दुसऱ्या, आणि नवऱ्याच्या कमाईवर असणारी तिसऱ्या. तिसऱ्या वर्गातल्या गृहिणीला किती रकमेचा विमा द्यायचा, हे तिच्या नवऱ्याचा विमा किती आहे त्यावरून ठरवीत. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बाईच्या मरणाने घराचे काय नुकसान होते, हे मोजायला त्या वहीत माप नव्हते.

आता आकड्यांकडे वळू. १९४१ ते १९५१ या दशकात हिंदी पुरुषाचे सरासरी आयुर्मान सुमारे साडेबत्तीस वर्षे होते आणि स्त्रीचे त्याहून कमी. १९७० ते १९७५ मध्ये पुरुषाचे ५०.५ आणि स्त्रीचे ४९. म्हणजे तेव्हाही ती मागेच. १९८० नंतर ती हळूहळू बरोबरीला आली आणि मग पुढे गेली. हा बदल एका पिढीच्या डोळ्यांदेखत झाला आहे. माझ्या आजीच्या रकान्यात जे लिहिले होते, त्याच्या नेमके उलट माझ्या रकान्यात आहे. आजी आणि मी दोघी बायकाच! मग कोष्टकात जे दिसते तो बाईचा स्वभावधर्म कसा म्हणावा? देहाचा काही भाग असेल, नाही म्हणत नाही. पण पुष्कळसा भाग रस्त्यांचा, दवाखान्यांचा, पाण्याच्या नळांचा आणि ताटात शेवटी काय उरते त्याचा आहे. आमचा अकोले तालुका डोंगराचा. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या कुशीत वाड्या विखुरलेल्या. अडलेल्या बाळंतिणीला झोळीत घालून डांबरी सडकेपर्यंत आणणारी माणसे इथे अजून भेटतील. महाराष्ट्रात २०१८ ते २०२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण ३३ वर आले, ते कोणी विमा गणितज्ञाने आणले नाही. सुइणी, परिचारिका, डॉक्टर आणि सडका बांधणारे मजूर यांनी ते आणले. त्यांनी मिळवून दिलेली वर्षे पेन्शन ठरवताना बाईच्या नावे खर्चाला टाकायची, हे मला पटत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयात गेला. लॉस एंजेलिस शहराच्या पाणी आणि वीज खात्यात पेन्शन फंडासाठी पगारातून वर्गणी कापली जाई. बायका जास्त जगतात म्हणून त्यांची वर्गणी पुरुषांपेक्षा १४.८४ टक्के जास्त होती. काम तेच, पगार तोच, पण घरी नेण्याचा पैसा कमी. १९७८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवले. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की बायका सरासरीने जास्त जगतात हे खरे, पण कायदा संरक्षण देतो ते एकेका व्यक्तीला, आणि पुष्कळ बायका सरासरी पुरुषाइतक्याही जगत नाहीत. पाच वर्षांनी, १९८३ साली, ॲरिझोना राज्यातल्या नॅथली नॉरिस या नोकरदार बाईंचा खटला आला. त्यांच्या वयाच्या आणि त्यांच्याइतकीच रक्कम भरणाऱ्या पुरुषाला निवृत्तीनंतर महिना ३५४ डॉलर मिळणार होते, बाईंना ३२०. तेथेही निकाल तोच लागला. युरोपात १ मार्च २०११ रोजी बेल्जियमच्या एका ग्राहक संस्थेच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले. २१ डिसेंबर २०१२ पासून कोणत्याही नव्या विम्यात स्त्री-पुरुष म्हणून वेगळा दर लावायचा नाही, असे ठरले. गंमत अशी, की त्यात बायकांचा तोटाही झाला. तिकडे तरुण मुलींना मोटारीचा विमा स्वस्त पडे, कारण भरधाव गाड्या ठोकणारे बहुधा तरुण मुलगे असत. ती सवलत गेली. समतेचे बिल दोन्ही दारांवर येते, हे त्या निकालाने शिकवले.

कोणी म्हणेल, सरासरीवर एवढा राग का? मी वर्गातले उदाहरण देते. समजा, सातवीच्या मुलींची गणितातली सरासरी मुलांपेक्षा पाच गुणांनी जास्त आली. म्हणून पुढच्या परीक्षेत मी पेपर न तपासताच प्रत्येक मुलीला पाच गुण जास्त आणि प्रत्येक मुलाला पाच कमी दिले, तर पालक मला शाळेत राहू देतील काय? हुशार मुलगा विचारील, बाई, माझा पेपर कुठे पाहिलात? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसेल.

परंतु विमेवाल्याकडे एक उत्तर आहे, आणि ते प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. तो म्हणेल, तुम्ही पेपर तपासू शकता, मी शकत नाही. माझा पेपर पुरा होतो तो माणूस गेल्यावर. तोपर्यंत मला गटावरूनच अंदाज बांधावा लागतो. गट न पाहता एकच भाव लावला, तर चतुर लोक मला लुटतील. याचा दाखलाही त्याच्याजवळ आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या राजाने कर्ज उभारण्यासाठी जन्मभराची वर्षासने विकायला काढली. भाव सर्वांना एकच, वयही पाहायचे नाही. जिनिव्हा शहरातल्या सावकारांनी तिसेक लहान मुलींची यादी केली. मुली सुखवस्तू घरच्या, सुदृढ, देवी येऊन गेलेल्या. या मुली जिवंत असेपर्यंत पैसे मिळत राहावेत, अशा बोलीने त्यांनी वर्षासनांत मोठाल्या रकमा गुंतवल्या. मुली जगत राहिल्या आणि राजाच्या तिजोरीवरचे ओझे वाढत राहिले. तेव्हा रकाना नसण्याचीही किंमत असते, हे विमेवाल्याचे म्हणणे खोटे नाही.

मात्र जिनिव्हाची गोष्ट नीट पाहिली, तर तिच्यात एक मेख आहे. तेथे ज्याला वाटले त्याने घेतले, आणि ज्याला नफा दिसला त्याने जास्त घेतले. नोकरीच्या पेन्शनचे तसे नसते. खात्यात नोकरीला लागलेले सगळेच तिच्यात असतात. तिथे कोणी निवडून आत येत नाही आणि निवडून बाहेरही राहत नाही. जेथे सगळेच आहेत, तेथे लुटले जाण्याची भीती दाखवून रकाना पाडण्याचे कारण उरत नाही.

तरीही गट हवेतच असे धरले, तर कोणते रकाने न्याय्य आणि कोणते नव्हेत? वयाचा रकाना मला खुपत नाही. आजचा तरुण उद्या म्हातारा होणारच. त्या रकान्यातून जगणाऱ्या प्रत्येकाला पाळीपाळीने जायचे आहे, तेव्हा तो कोणाचा कायमचा शत्रू नाही. तंबाखूचा रकानाही एक वेळ समजतो. सोडण्याची वाट तरी उघडी असते. पण जन्माने मिळालेला आणि मरेपर्यंत न बदलणारा रकाना वेगळा. समजा, उद्या कोणी ‘डोंगरातला’ आणि ‘सपाटीवरचा’ असे दोन रकाने पाडले. किंवा ठाकर, महादेव कोळी आणि इतर असे. कदाचित आकड्यांत फरक निघेलही. म्हणून राजूरच्या पलीकडल्या वाडीतल्या माणसाला त्याच्या जन्माच्या नावाने जादा हप्ता लावला, तर आपण सहन करू काय? नाही करणार. आपण म्हणू, आधी तिथे दवाखाना द्या. जातीच्या आणि गावाच्या बाबतीत जे आपल्याला लगेच कळते, ते बाईच्या बाबतीत कळायला वेळ का लागतो? तिचा वेगळा रकाना आपण इतक्या ठिकाणी पाहिला आहे, की तो आखलेला नसून उगवलेलाच आहे असे वाटते. धूमकेतूच्या नावाने आपल्याला माहीत असलेल्या हॅलेने १६९३ साली ब्रेस्लाऊ शहराचे जे प्रसिद्ध मृत्यूकोष्टक केले, त्यात स्त्री आणि पुरुष असे दोन रकाने नव्हते. रकाना माणूस आखतो, आणि न आखणेही माणसाच्याच हाती असते.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला, तेव्हा गणिताचे एक सर हसत म्हणाले, “म्हणजे बाई, आम्ही आधी मरायचे आणि आमच्या फंडातले पैसे तुम्ही खायचे!” विनोद होता, पण त्यात मुद्दा होता. मी म्हटले, “सर, नव्वदी गाठणारा पुरुष साठीत गेलेल्या पुरुषाचे पैसे खातोच ना? त्याला आपण कधी चोर म्हटले नाही.” पेन्शन ही चीजच अशी आहे, की जो आधी गेला त्याचे उरलेले मागे राहिलेल्याच्या उपयोगी पडते. भाताच्या आवणीला आमच्याकडे सावड करतात. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या सगळे तुमच्या. कोणाचे खाचर दोन वाफे मोठे निघाले म्हणून सावड मोडत नाही. मोजायलाच बसायचे, तर सावड कशाला करायची? मजुरी देऊन माणसे आणावीत.

आणि ही जास्तीची वर्षे कशी असतात, हेही पाहावे. आपल्याकडे बायको बहुधा वयाने लहान. त्यामुळे तिच्या शेवटच्या वर्षांत पुष्कळदा नवरा नसतो. शेतावर बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी. नोकरीत असली तर बाळंतपण, सासूचे आजारपण यांनी सेवेत खंड पडलेला. म्हणजे साठलेले आधीच थोडे. त्यात ‘तुम्ही जास्त जगणार’ म्हणून दरमहाची रक्कम कमी केली, तर तिने काय करावे? तेल, तांदूळ आणि औषध यांचे भाव सरासरी आयुर्मान पाहून कमी होत नाहीत. महिना भागवायचा असतो तो महिन्याच्या पैशांत.

आपल्या सरकारी नोकरीच्या जुन्या पेन्शनमध्ये ही समता गाजावाजा न करता नांदत होती. पगार सारखा आणि सेवा सारखी, तर पेन्शन सारखी. पेन्शनचा काही भाग एकरकमी घेण्याला आपण ‘पेन्शन विकणे’ म्हणतो. त्यासाठी केंद्र सरकारने २००८ साली लागू केलेल्या कोष्टकात साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यासाठी ८.१९४ हा आकडा आहे. महिना १००० रुपयांची पेन्शन विकली, तर १००० गुणिले १२ गुणिले ८.१९४, म्हणजे ९८,३२८ रुपये हाती येतात. या कोष्टकात रकाना आहे तो वयाचा. स्त्री की पुरुष, हे ते विचारत नाही. पण महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांना ही जुनी पेन्शन बंद झाली. राष्ट्रीय योजनेत साठलेल्या रकमेच्या किमान ४० टक्क्यांचे वर्षासन विमा कंपनीकडून विकत घेण्याचा नियम आला. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत शिक्षक आणि कर्मचारी संपावर गेले, तेव्हा बोलणे झाले ते रकमेच्या हमीचे, आणि ते रास्तच होते. २०२४ मध्ये राज्याने सुधारित योजनाही जाहीर केली. पण एक गोष्ट त्या गलबल्यात ऐकू आली नाही. पेन्शन सरकार देते तेव्हा कोष्टक सरकारचे असते आणि त्याबद्दल आपण सरकारला जाब विचारू शकतो. वर्षासन बाजारातून घ्यायचे झाले, की कोष्टक विकणाऱ्याचे होते. त्यात उद्या कोणते रकाने पडतील, यावर आपले लक्ष असले पाहिजे. विशेषतः बायकांचे.

आता राहिली ती टर्म पॉलिसीतली सवलत. हा प्रश्न टाळून चालणार नाही. पेन्शनमध्ये रकाना नको म्हणायचे आणि विम्यात त्याच रकान्याचा फायदा मुकाट्याने घ्यायचा, हे दुटप्पी होईल. मला विचाराल तर ही सवलत कायद्याने उद्या गेली, तरी मी तक्रार करणार नाही. हप्त्यातली ती बचत सोडून देणे मला परवडेल. म्हातारपणी दर महिन्याला कमी पैसे घेणे परवडणार नाही. शिवाय सवलत देणारा हात आणि भुर्दंड लावणारा हात एकाच अंगाचे आहेत. एकाला हार घालून दुसऱ्याला झिडकारता येत नाही.

या दिवाळीत घरोघरी ओवाळणे होईल, आणि व्हावेही. दुसऱ्याला आयुष्य चिंतण्यासारखी सुंदर गोष्ट थोडीच आहे? पण फराळाच्या वेळी दोघे कमावते असाल, तर दोघांच्या पेन्शनचे आणि पॉलिसीचे कागदही एकदा जवळ घेऊन बसा. कोणाच्या नावाने काय आहे, आणि आपल्यामागे जो राहील त्याला, बहुधा तिला, दरमहा किती मिळेल, हे दोघांनी मिळून वाचा.